स्पीलबर्ग : बखरकार कीं इतिहासकार ?

ज्या पृष्ठांवर निवाडपत्रें, महजर, शकावल्या आणि कैफियती छापावयाच्या, त्या पृष्ठांवर अमेरिकेंतील एका चित्रपटदिग्दर्शकाची चर्चा पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें मी जाणून आहें. आक्षेप रास्त आहे. चित्रपटांच्या गुणदोषांची चिकित्सा करण्यास इतर मासिकें पुष्कळ आहेत. आणि प्रस्तुत लेखकाचें आयुष्य शाळेंत रघुवंशाचे सर्ग व शब्दरूपावलि शिकविण्यांत गेलें असल्यामुळें त्या कलेंतील अधिकार त्याला नाहीं. तरी हा विषय येथें मांडण्यास एक कागद कारण झाला, आणि कागदाची चौकशी हें तर या मंडळाचें कामच आहे.

माझा एक जुना विद्यार्थी पुष्कळ वर्षें अमेरिकेंत असतो. धंद्यानें अभियंता, छंदानें संग्राहक. आजोळच्या माळ्यावर सांपडलेले मोडी कागदांचे दोन रुमाल त्यानें स्वतः झाडून-पुसून लाविले आहेत. गेल्या दिवाळींत तो भेटीस आला, तेव्हां कांचेच्या चौकटींत बसविलेलें एक इंग्रजी पत्र त्यानें बरोबर आणिलें होतें. तिकडच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानांत चांगली किंमत मोजून घेतलेलें. पत्र अब्राहाम लिंकनचें. तारीख २१ नोव्हेंबर १८६४. बॉस्टन येथील बिक्स्बी नांवाच्या एका विधवेस, तिचे पांच पुत्र रणांत पडल्याबद्दल लिहिलेलें सांत्वनपर. "सर, मूळ पत्राची ही शिळाप्रेसवरची हुबेहूब नक्कल आहे," असें तो म्हणाला. मूळ कोठें आहे, असें मीं विचारिलें. तें त्याला ठाऊक नव्हतें. मग खरें कशावरून ? यावर त्यानें दिलेलें उत्तर या लेखाचें बीज होय. तो म्हणाला, "सर, 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मध्यें सेनापति मार्शल हेंच पत्र वाचून दाखवितो. आणि स्पीलबर्ग पुराव्यावांचून कांहीं दाखवीत नाहीं."

हा मुलगा (मुलगा कसला, त्याचे केस माझ्याइतकेच पिकले आहेत) भोळा नव्हे. सनदेवरील शिक्का पाहून, कागदाची जात चाचपून, शंका घेण्याची संवय त्याला आहे. परंतु समोर चित्रपट आला कीं ती संवय गळून पडते, आणि याच एका दिग्दर्शकाच्या बाबतींत ती अधिक गळून पडते. इतरांचे चित्रपट आपण करमणूक म्हणून पाहतों व सोडून देतों. स्पीलबर्गच्या चित्रपटांना मात्र शाळांत धड्याचा मान मिळाला आहे. गेलीं पन्नास वर्षें तो जगांतील सर्वांत यशस्वी दिग्दर्शकांत गणला जातो. त्याची ती थोरवी खरोखर केवढी, आणि ती कोणत्या खात्यावर जमा धरावयाची, हें एकदां पाहिलें पाहिजे.

प्रथम त्या पत्राचाच निकाल लावूं. मूळ पत्र आज उपलब्ध नाहीं. त्याचा मजकूर २५ नोव्हेंबर १८६४ च्या बॉस्टनमधील एका वृत्तपत्रांत छापून आला, आणि आपल्या हातीं जो पाठ आहे तो त्या छापील मजकुरावरून आलेला. जी 'हुबेहूब नक्कल' म्हणून विकली जाते, ती १८९० नंतरची; आणि तिच्यांतील अक्षर लिंकनचें नव्हे, असा हस्ताक्षरतज्ज्ञांचा निर्वाळा आहे. बिक्स्बीबाईचे पांच पुत्र पडले नव्हते. लढाईंत पडले ते दोन. एक सैन्य सोडून पळाला होता आणि एकास तर रीतसर निरोप मिळाला होता. याहून मौजेची गोष्ट कर्तृत्वाची. लिंकनचा चिटणीस जॉन हे यानें स्वतःच्या लेखनाचीं कात्रणें ज्या वहींत चिकटविलीं, त्या वहींत हें पत्रही चिकटविलेलें आहे. पत्र हे याचेंच असावें, हा संशय जुना, इ. स. २०१७ मध्यें भाषाशास्त्रज्ञांनीं गणकयंत्राच्या साहाय्यानें मजकुराची भाषा तपासून त्याच पक्षाकडे कौल दिला. आपल्याकडील पेशवे दफ्तर ज्यांनीं चाळलें आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. धनी मोर्तब करतो, मजकूर चिटणिसाचा असतो.

यावर कोणी म्हणेल कीं, चित्रपटांतील मार्शल इ. स. १९४४ मधला आहे. त्या वर्षीं त्या गृहस्थानें तें पत्र अक्षरशः खरें मानलें तर तो पात्राचा स्वभाव झाला, दिग्दर्शकाची चूक नव्हे. हा बचाव मला मान्य झाला असता. परंतु पत्र दोनदां येतें. आरंभीं मार्शल तें वाचतो. शेवटीं, नायक मरून पडल्यावर, रायनच्या आईस जाणाऱ्या पत्रांत तेंच पुन्हां ऐकूं येतें आणि सर्व बलिदानावर त्याचें मोर्तब होतें. तें आतां पात्राचें मत राहिलें नाहीं, तो ग्रंथाचा सिद्धांत झाला. बरें, ज्या नीलंड बंधूंच्या हकीकतीवरून ही कथा सुचली, त्यांच्यांतही संख्येचाच घोळ आहे. चार भाऊ, नॉर्मंडींत ६ व ७ जून रोजीं दोघे पडले, तिसरा ब्रह्मदेशाकडे पडला असें समजून चौथ्यास परत पाठविलें, आणि तो तिसरा जपान्यांच्या बंदींतून जिवंत परतला! फ्रिट्झ नीलंडला हुडकण्यास शत्रूच्या मुलुखांत तुकडी गेली नव्हती, एक पाद्री त्याला घेऊन आला. पांचांचे दोन आणि तिघांचे दोन. शोक जसा तोंडोतोंडीं जातो तसा त्याचा आंकडा वाढतो, ही गोष्ट बखरींच्या वाचकास सांगावयास नको.

बखर हा शब्द मीं मुद्दाम योजिला. राजवाड्यांनीं इ. स. १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढिला, त्यांत १७५० ते १७६१ या काळांतील अस्सल पत्रें छापिलीं, आणि प्रस्तावनेंत त्या पत्रांच्या कसोटीवर बखरी घांसून दाखविल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे बखर व साधन यांतील भेद शाळकरी पोरासही सांगतां येतो. पण म्हणून भाऊसाहेबांची बखर कोणी जाळून टाकिली नाहीं. तिच्यांतील तारखा व फौजांचे आंकडे आपण बाजूस ठेवितों, आणि पानिपतच्या त्या दिवसाचें दुःख मराठी माणसानें मनांत कसें सांठविलें, हें पाहण्यास पुन्हां तिच्याकडेच जातों. स्पीलबर्ग हा या जातीचा, आणि या जातींतला फार मोठा, लेखक आहे. त्याला साधनांच्या फडताळांत ठेविलें म्हणजे घोटाळा होतो. आणि तो घोटाळा त्याचे भक्तच करतात असें नव्हे, तो स्वतःही थोडासा करूं देतो. कसा तें पाहा.

'लिंकन' (२०१२) या चित्रपटांत राष्ट्राध्यक्षाच्या खिशांतील घड्याळाची टिकटिक ऐकूं येते. ती टिकटिक लिंकनच्याच घड्याळाची आहे. केंटकी राज्याच्या इतिहास-संस्थेच्या संग्रहांत तें घड्याळ जपलेलें आहे, तेथें जाऊन ध्वनियोजकानें तिचें मुद्रण केलें. असल्या निष्ठेपुढें कोणीही संग्राहक हात जोडील. आतां त्याच चित्रपटाचा कळस पाहा. ३१ जानेवारी १८६५ रोजीं गुलामगिरी नष्ट करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीवर प्रतिनिधिगृहांत मतें पडतात. अनुकूल ११९, प्रतिकूल ५६. चित्रपटांत कनेक्टिकट राज्याचे दोन प्रतिनिधि प्रतिकूल मत देतांना दिसतात. सभागृहाच्या कामकाजाच्या छापील नोंदींत त्या राज्याचे चारही प्रतिनिधि अनुकूल आहेत. इ. स. २०१३ मध्यें त्याच राज्याच्या एका विद्यमान प्रतिनिधीनें हें उघडकीस आणिलें, तेव्हां पटकथाकार टोनी कुशनर यानें बदल मान्य करून नाट्याच्या गरजेचें कारण पुढें केलें. प्रेक्षकांस निकाल अटीतटीचा वाटावा म्हणून हें केलें म्हणे. घड्याळाचा आवाज अस्सल आणि मतदानाची नोंद बनावट ! शाई, कागद, मोहोर सर्व त्या काळचें, आणि आंतील दानाची भूमि कधींच न दिलेली, असे ताम्रपट आपण पाहिले आहेत. त्यांस आपण काय म्हणतों ? स्पीलबर्गच्या कारागिरीवर जो अतिविश्वास बसला आहे तो या टिकटिकीनें बसविला आहे. वस्तु खरी दिसली कीं घटना खरी वाटते. नाटककारास घटना बदलण्याची मोकळीक नाहीं असें नव्हे. कालिदासानें भारतांतील शकुंतलाख्यानाचें काय केलें तें मीं मुलांना चाळीस वर्षें शिकविलें. परंतु कालिदासानें दुष्यंताच्या बोटांतील अंगठी पुराणवस्तु-संग्रहांतून आणिल्याचा गाजावाजा केला नव्हता.

येथवरचें वाचून मी या दिग्दर्शकाचा शत्रु आहें असें वाटेल. तसें नाहीं. ज्या गोष्टींत तो खरोखर थोर आहे त्यांत त्याची स्तुति अजून पुरेशा विचारानें होत नाहीं, असें माझें मत आहे. 'जॉज' हा चित्रपट २० जून १९७५ रोजीं प्रदर्शित झाला. चित्रीकरणाच्या वेळीं दिग्दर्शकाचें वय सत्तावीस. समुद्रांत सोडण्यासाठीं केलेला यांत्रिक शार्क मासा खाऱ्या पाण्यांत वारंवार बिघडे. पंचावन्न दिवसांचें काम एकशें एकोणसाठ दिवसांवर गेलें. मासा दाखवितां येईना म्हणून न दाखवितां भय उत्पन्न करणें प्राप्त झालें. तासाहून अधिक वेळ लोटेपर्यंत तो नीट दृष्टीस पडत नाहीं. दिसतात तीं पिवळीं पिंपें. माशाच्या अंगांत रुतलेल्या भाल्यांस तीं बांधलेलीं. पाण्यावरून धांवणारें पिंप दिसलें कीं खालीं तो आहे हें समजावयाचें. न्यायशास्त्रांत धुरावरून अग्नीचें अनुमान शिकवितांना मला याहून चांगलें उदाहरण मिळालें नसतें. ध्वनिकारांनीं व्यंग्यार्थास काव्याचा आत्मा कां म्हटलें, तें ज्याला पोथींतून पटत नाहीं त्यानें हीं पिंपें पाहावीं. भयानक व अद्भुत या दोन रसांत या माणसाची बरोबरी करणारे फार थोडे.

अडचण आली म्हणून व्यंजना आली, आणि पुढें द्रव्य व यंत्रें हात जोडून उभीं राहिल्यावर ती कमी झाली, हें मात्र नमूद केलें पाहिजे. पुढें करुण रसाकडे वळल्यावर तर त्याचा धीर सुटूं लागला.

हिंदुस्थानाशीं त्याचा जो संबंध आला त्याविषयीं थोडक्यांत. 'क्लोज एन्काउंटर्स' (१९७७) मध्यें एक विशाल जनसमुदाय पांच स्वरांची धून गातो, आणि हा नाद आला कोठून असें विचारतांच हजारों बोटें आकाशाकडे उठतात. पडद्यावर स्थळ धरमशाळा म्हणून लिहिलें आहे. प्रत्यक्षांत तें आमच्या खालापूरजवळील हाळ गांव होय. कुलाबा जिल्ह्यांतील माणसें हिमालयांत नेऊन बसविलीं, याचा राग येत नाहीं, कारण तो प्रसंग खरोखर सुंदर आहे. 'टेंपल ऑफ डूम' (१९८४) चें तसें नाहीं. सरकारनें संहितेवर हरकत घेतल्यामुळें तो सिंहलद्वीपांत काढिला; म्हणून १९३५ सालच्या त्या 'हिंदी' खेड्यांतील लोक सिंहली बोलतात. रुमालानें गळा आवळणारे ठग येथें देवळांत बसून माणसाचें काळीज उपटतात, राजवाड्यांतील पंक्तींत माकडाचा मेंदू वाढितात, आणि त्यांच्या म्होरक्याचें नांव काय, तर मोलाराम ! गढवालचा तो थोर चित्रकार, ज्याच्या कलमाच्या चित्रांसाठीं आमचे संग्राहक जीव टाकितात, त्याचें नांव कोणत्या सूचींतून उचललें कोण जाणे. आरंभीं या देशांत त्या चित्रपटावर बंदी होती. दिग्दर्शकानें पुढें स्वतःच त्याविषयीं नापसंती व्यक्त केली आहे, तेव्हां मेलेल्या सापास मारण्यांत अर्थ नाहीं.

सत्यजित राय यांच्या तक्रारीचा विचार मात्र या मंडळाच्या पद्धतीनें झाला पाहिजे, कारण तो सरळ सरळ हस्तलिखिताच्या प्रसाराचा प्रश्न आहे. राय यांनीं १९६२ मध्यें 'बंकुबाबूर बंधु' ही गोष्ट लिहिली. तिच्या कल्पनेवरून १९६७ मध्यें 'दि एलियन' ही इंग्रजी संहिता सिद्ध केली. अमेरिकन कंपनीशीं बोलणीं झालीं, आणि चित्रपट निघाला नाहीं. पण चक्रमुद्रित प्रती हॉलिवुडांत हिंडत राहिल्या. १९८२ मध्यें 'ई. टी.' आला, आणि आपल्या संहितेच्या त्या प्रतींवांचून तो संभवला नसता असें राय यांनीं म्हटलें. आपण तेव्हां शाळेंत होतों, असें स्पीलबर्गच्या नांवावर छापलेलें उत्तर आहे. तें टिकत नाहीं. त्याचा शाळेचा शेवटचा इयत्तेचा निकाल १९६५ चा, संहिता १९६७ ची. परंतु प्रतिवादीचें उत्तर लटकें पडलें म्हणून वादीचा दावा सिद्ध होतो असें नाहीं. दोन पोथ्यांचें नातें शुद्ध पाठांवरून ठरत नसतें, तें समान अशुद्धांवरून ठरतें. परलोकींचा लहानखुरा, मायाळू पाहुणा, त्याची एका मुलाशीं मैत्री, झाडें फुलविण्याची शक्ति, हे 'शुद्ध पाठ' होत. एकच बीज दोन शेतांत उगवूं शकतें. एकानें दुसऱ्याची प्रत समोर ठेविली होती असें म्हणावयास, दोन्हींत एखादी सारखी विसंगति, एखादा सारखा निरर्थक तपशील दाखविला पाहिजे. राय यांची संहिता इ. स. २०१८ मध्यें छापून निघाली आहे. ती व चित्रपट शेजारीं ठेवून पाहिल्यास तसला तपशील हातीं लागत नाहीं. राय यांच्याविषयीं मला अतिशय आदर आहे. तरी या खटल्यांत मी स्पीलबर्गला संशयाचा फायदा देईन.

आतां 'शिंडलर्स लिस्ट' (१९९३). याच चित्रपटानें त्याला करमणूककारांच्या पंक्तींतून उठवून इतिहासकारांच्या पाटावर बसविलें. सात ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. दिग्दर्शकानें स्वतः मोबदला घेतला नाहीं. ऑस्कर शिंडलर (१९०८–१९७४) या जर्मन कारखानदारानें सुमारें बाराशें ज्यू स्त्रीपुरुषांस मृत्यूच्या तोंडांतून काढिलें, हें निर्विवाद आहे. माझा प्रश्न यादीविषयीं आहे, कारण चित्रपटाचें नांवच एका दस्तऐवजावरून ठेविलें आहे. तिकडे तर जर्मन उद्योगपति येरझारा घालीत नांवें सांगतो आहे, त्याचा ज्यू हिशेबनीस स्टर्न टंकयंत्रावर तीं उतरून घेतो आहे, अशी एक रात्र आपल्याला दिसते. फार प्रभावी प्रसंग. परंतु तो घडलेला नाहीं. चित्रपटांतील स्टर्न हीच मुळीं तीन माणसांची बनविलेली मूर्ति आहे. स्टर्न, कारखाना चालविणारा बँकियर, आणि छावणीच्या कचेरींत टंकलेखन करणारा पेंपर. आणि यादी कोणाच्या हातची ? डेव्हिड क्रो यानें २००४ मध्यें शिंडलरचें जें विस्तृत चरित्र लिहिलें त्यांत कागदपत्रांवरून दाखविलें आहे कीं, नांवें ठरविण्यांत मुख्य हात छावणींतील मार्सेल गोल्डबर्ग या ज्यू कारकुनाचा होता, आणि तो लांच घेई. चित्रपटांत हा गोल्डबर्ग आहे, पण कोपऱ्यांत.

शिवाय 'ती यादी' असा एकच कागद नाहीं. ऑक्टोबर १९४४ नंतरच्या निरनिराळ्या याद्या होत, त्यांच्या कार्बन-प्रती होत. १८ एप्रिल १९४५ या तारखेच्या यादींत आठशें एक पुरुषांचीं नांवें आहेत. इ. स. २००९ मध्यें सिडनी येथील न्यू साउथ वेल्सच्या राज्य-ग्रंथालयांत टॉमस केनीली या कादंबरीकाराचीं टिपणें लावीत असतां, वृत्तपत्रांच्या कात्रणांच्या मध्यें तेरा पानांची अशी एक प्रत सांपडली. याच केनीलीच्या १९८२ सालच्या कादंबरीवरून चित्रपट निघाला. ती कादंबरी सुचली तीही बेव्हर्ली हिल्समधील एका चामड्याच्या पेट्यांच्या दुकानांत, वांचलेल्यांपैकीं एका दुकानदारानें जपून ठेविलेले कागद पुढें टाकिल्यामुळें. शिंडलरचे स्वतःचे कागद तर १९९९ मध्यें हिल्डेसहाइम येथें माळ्यावरच्या एका पेटींत निघाले. चित्रपट १९९३ चा असल्यानें हें सारें दिग्दर्शकाच्या पुढें नव्हतें, हें खरें.

पण या याद्यांचें स्वरूप पाहा. वयें खोटीं, धंदे खोटे. शाळामास्तर, विद्यार्थी, दुकानदार हे सर्व यादींत धातुकाम जाणणारे कारागीर. नोंद खोटी म्हणूनच माणूस जगलें. पाठचिकित्सेंत आपण प्रक्षेप म्हणतों, लोप म्हणतों, आणि तळटीप देऊन मोकळे होतों. येथें प्रक्षेप म्हणजे कोणीतरी हिरा देऊन आपलें नांव घुसविलें. आणि जागा मोजक्या असल्यानें लोप म्हणजे दुसऱ्या कोणाचें नांव खोडलें गेलें, व तो कोठें गेला हें सांगावयास नको. हा इतिहास चित्रपटापेक्षां कठोर आहे आणि, माझ्या मतें, खोलही आहे. त्यांत एका सज्जनाच्या उदारपणाबरोबर बळी पडलेल्यांच्या आपसांतील भीति, लांच, ओळख, दैव हीं सर्व आलीं. स्पीलबर्गनें तें सर्व गाळून एका रात्रीचें, एका लेखकाचें, एकसंध काव्य केलें. बहुकर्तृक ग्रंथास एकच व्यास देणें ही बखरकाराची जुनी रीत. त्यानें श्रोत्यांस धीर येतो. खोडलेल्या नांवांवर मात्र दुसऱ्यांदां रेघ ओढली जाते.

शेवटच्या प्रसंगाविषयीं आलंकारिकांची साक्ष काढितों. मम्मटानें रसदोषांत एकाच रसाच्या पुनःपुन्हां उद्दीपनाची गणना केली आहे आणि उदाहरणास दुसरें तिसरें कांहीं न घेतां कुमारसंभवांतील रतिविलाप घेतला आहे. कालिदासास जो दोष चुकला नाहीं तो स्पीलबर्गास लागला तर नवल नाहीं. पण लागला आहे खरा. निरोपाच्या वेळीं शिंडलर मोटारीपाशीं कोसळतो, ही गाडी विकली असती तर दहा वांचले असते, ही टांचणी विकली असती तर आणखी, असें म्हणून स्फुंदूं लागतो. तीन तास जें आपल्याला कळून चुकलें होतें तें आतां तोंडानें सांगितलें जातें. सहृदयावर विश्वास नसला म्हणजे कवि असें करतो. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'चा म्हातारा कबरीपाशीं बायकोला विचारतो, तोही प्रकार हाच. क्लोद लांझमान यानें आपल्या नऊ तासांहून लांब 'शोआ' (१९८५) या चित्रपटांत जुन्या चित्रफितीचा एक तुकडाही घेतला नाहीं. केवळ माणसें बोलतात आणि ओसाड जागा दिसतात. त्यानें स्पीलबर्गवर कडक टीका केली होती. ती सर्वस्वी मान्य नसली तरी या एका प्रसंगापुरती मला ती पटते. मात्र त्यानंतर लगेच चित्र कृष्णधवल सोडून रंगांत येतें, यरुशलेमच्या दफनभूमींत खरोखर वांचलेलीं वृद्ध माणसें, त्या त्या नटाचा हात धरून, शिंडलरच्या थडग्यावर एक एक दगड ठेवितात. तेथें बखर संपते आणि साक्षीदार पुढें येतात.

त्या दगड ठेवणाऱ्या रांगेंतून जें निघालें तें चित्रपटाहून मोठें आहे, आणि याच खात्यावर त्याची पत कमी धरिली गेली आहे. इ. स. १९९४ मध्यें स्पीलबर्गनें वांचलेल्यांच्या साक्षी टिपून ठेवण्यासाठीं एक संस्था स्थापिली. थोड्या वर्षांत छपन्न देशांत, बत्तीस भाषांत, सुमारें बावन्न हजार माणसांच्या जबान्या तिनें चित्रित केल्या. २००६ पासून ती दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे आहे. नुसता सांठा नव्हे. प्रत्येक जबानीचे मिनिटामिनिटाचे तुकडे पाडून त्यांतील स्थळें, व्यक्ति व विषय यांची सूचि लाविली आहे. पन्नास वर्षांनंतरची आठवण सर्वस्वीं प्रमाण नसते, एकीचें दुसरीशीं जुळत नाहीं, हें खरें. पण न जुळणाऱ्या बावन्न हजार साक्षी म्हणजेच साधनें. जुळवून एक केली कीं बखर होते. 'रेडर्स ऑफ दि लॉस्ट आर्क'चा (१९८१) शेवट वाचकांनीं पाहिला असेल. ज्यासाठीं एवढी धांवाधांव झाली ती पवित्र पेटी लांकडी खोक्यांत ठोकून एका अफाट सरकारी कोठारांत ढकलून नेतात आणि सारख्याच हजारों खोक्यांत ती दिसेनाशी होते. प्रेक्षक हंसतात. मी हंसलों नाहीं. यादी नसलेलीं दफ्तरें कशीं असतात तें मीं पाहिलें आहे. तो शेवट योजणाऱ्यानेंच तेरा वर्षांनीं जगांतील एवढें मोठें सूचीचें काम उभारावें, याचा उल्लेख त्याच्या स्तुतिपाठकांनीं शार्कमाशाइतका तरी करावा.

आपल्या धंद्याची खरी जात तो जाणतो, हें 'दि फेबल्मन्स' (२०२२) वरून दिसतें. ही त्याच्याच बाळपणाची, थोडी वेषांतर केलेली, हकीकत. घरच्या सहलीची चित्रफीत जोडीत बसलेला मुलगा यंत्रावर ती पुढें-मागें करतो, आणि कोणाचेंही लक्ष नसलेल्या कडेच्या भागांत आपली आई व घरचा स्नेही यांच्यांतील जवळीक त्याला दिसूं लागते. पुन्हां मागें नेतो, पुन्हां पाहतो. समासांतील बारीक नोंदीवर अडखळलेला संशोधक असाच बसतो. मला तर एका जुन्या वहीवर वांकलेले आमचे कै. गुरुजीच दिसले. मग तो मुलगा काय करतो ? तेवढे तुकडे कापून काढितो आणि घरच्या मंडळींस स्वच्छ, आनंदी सहल दाखवितो. कापलेलें तो फेकून देत नाहीं. वेगळें ठेवितो, आणि एकट्या आईस दाखवितो. त्याच चित्रपटांत पुढें तो आपल्याला छळणाऱ्या एका दांडग्या मुलास समुद्रकिनाऱ्यावरच्या चित्रांत देवासारखा दाखवितो, आणि तो दांडगा तें पाहून संतापानें रडतो, कारण आपण तसे नाहीं हें त्याला ठाऊक आहे.

हें सर्व मीं त्या विद्यार्थ्यास दिवाळीच्या त्या चार दिवसांत, फराळाच्या ताटावर, तुकड्या-तुकड्यांनीं सांगितलें. बिक्स्बीच्या दोन पुत्रांची गोष्ट ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग दुकानदारावर दोन शब्द रागाचे बोलला. चौकट मला देऊन टाकूं लागला, ती मीं घेतली नाहीं. निघण्याच्या आदल्या सकाळीं त्यानें चौकटीच्या मागचे खिळे काढिले, माझ्याकडून शिसपेन्सिल मागून घेतली, आणि पुठ्ठ्यावर मोडींत लिहिलें : नक्कल, अक्षर बनावट, मूळ अनुपलब्ध, लेखक बहुधा जॉन हे. खालीं मिति घातली. मग खिळे पूर्ववत् ठोकून पत्र कपड्यांत गुंडाळलें आणि बरोबर नेलें.